विमान काहून पडलं?

एखाद्या घटनेचं कारण लवकर कळलं की गप्पांचा जीवच जातो. नाही कळलं, की मग विचारूच नका! आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात त्या विमानाचे किस्से असेच साचत गेले. पडलं होतं ते शेकडो मैलांवर. आमच्यापैकी एकानंही विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. तरी तो अख्खा हिवाळा ते आमच्याच डोक्यावर पडत होतं!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे जिनात, कारकून. सुट्टी झाली की आमचा अड्डा मोटर स्टँडसमोर, युसूफचाचांच्या शिलाईच्या दुकानात. चाचा, आमच्या जिनाचा फिटर हरिभाऊ, शाळेतले देशमुख मास्तर आणि मी. अकोल्याहून शिळा पेपर यायचा, तो मास्तर मोठ्यानं वाचायचे.

त्या दिवशी त्यांनी वाचलं, "विमान उतरत असताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले. बहुतेक प्रवासी दगावले. अपघाताचे कारण समजू शकले नाही."

चाचांचा पाय मशीनवरच थांबला. मग हरिभाऊ उसळला, "समजलं नाही म्हंजे? जिनात काही मोडलं तं मॅनेजर मले इचारते. त्याईच्याकडे फिटर नाही का?"

* * *

हरिभाऊचं निदान दुसऱ्या दिवशी तयार होतं. "पट्टा! इंजिन चालू, पण पट्टा सरकला की खेळ खलास." जिनात दर दोन दिवसांनी पट्टा सरकायचा, त्यामुळे जगात दुसरं काही बिघडू शकतं हेच त्याला मान्य नव्हतं.

"इमानाले पट्टा असते का पण?" मी विचारलं.

"थांब, दाखवतो!"

चाचा एका गिऱ्हाइकाचा पायजमा भरधाव शिवत होते. हरिभाऊनं खाली वाकून चालत्या मशीनचा पट्टा ओढून काढला. चाक गरगरलं, सुई अर्ध्यात अडकली. चाचांचं बोट सुईपासून केसभर लांब! चाचा पांढरेफटक पडले.

"पाहा! पडलं इमान!" हरिभाऊ ओरडला.

बाकावरचं गिऱ्हाईक उठलं. "इमान गेलं खड्ड्यात! माह्या पायजम्याची शिवण कुठं गेली ते सांग!"

* * *

मास्तरांना पट्टा पटला नाही. ते म्हणाले, "वैमानिक दिव्यांची ओळ पाहून उतरतो. चुकीच्या दिव्यांना धावपट्टी समजला असंन." बोलले साधंच, पण बाजाराच्या दिवशी, दहा लोकांसमोर.

आमच्या जिनात हिरामण नावाचा हमाल होता, मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्यानं हे घरी नेलं. पुढच्या खेपेला आला तो मास्तरांसमोर हात जोडून उभा. "गुरुजी, उजेड पाहून इमान आमच्यावरच उतरंन म्हून तांड्यात आता कोणी दिवा लावत नाही. सांजेले वर घरघर आली की बाया चुली इझवतात. लेकरं उपाशी निजून राह्यली."

मास्तरांचा चेहरा उतरला. "अरे, मी नुसता अंदाज केला रे!"

"मंग माह्या मायले येऊन सांगा."

मास्तर खरंच गेले. मीही सोबत होतो. हिरामणच्या म्हाताऱ्या आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे काहून पडलं ते तुमाले बी माईत नाही?"

"नाही, आई."

"मंग दिवा नाही लागत. चूल तेवढी पेटंन!"

* * *

जिनाच्या शेठना त्याच महिन्यात नागपूरहून मुंबईला विमानानं जायचं होतं. तिकीट आलेलं, आणि शेठची झोप उडालेली. शेवटी त्यांनी हरिभाऊला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. "हरी, खरं सांग. काय पाहून बसू?"

"शेठ, बाकी काही पाहू नका. पट्टा पाहा."

शेठ परतले ते पार वाळून. आल्या आल्या हरिभाऊला बोलावलं. "पट्टा पाहिला रे! चांगला मजबूत आहे."

हरिभाऊ आम्हा कारकुनांकडे वळून हसला. "सांगून नव्हतो राह्यलो?"

"पण हरी, तो त्यांनी माझ्याच पोटावर बांधला! मुंबईपर्यंत मी श्वास नाही सोडला!"

* * *

हसत होतो खरे, पण भीती गेली नव्हती. एका बाजाराच्या दुपारी खरोखरच एक विमान आलं, आणि इतकं खाली की पंखावरची अक्षरं दिसली. आवाजानं पालांची कापडं थरथरायला लागली. हरिभाऊ ओरडला, "पट्टा गेला! पळा!"

सारा बाजार फुटला. मिरच्यांच्या ढिगावरून माणसं धावली. बैलांनी दावी तोडली. चाचा मशीन उचलायला गेले, मशीन उचलेना, मग तिच्यावरच आडवे पडले. मी नाल्यात उडी मारली आणि तोंड चिखलात खुपसून पडून राहिलो. बायको माहेरी, मूल दोन महिन्यांचं, अजून पाहिलंसुद्धा नव्हतं! घरघर डोक्यावर आली, थांबल्यासारखी झाली, मग हळूहळू दूर गेली.

शेजारी कोणीतरी पुटपुटत होतं. मास्तर! मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. कान दिला तर, "एकोणतीस साती दोनशे तीन... एकोणतीस आठे..."

"मास्तर, पाढा?"

ते रडवेले झाले होते. "देव आठवलाच नाही रे! जे तोंडात आलं ते म्हणून राह्यलो!"

* * *

उन्हाळा लागता लागता अकोल्याहून वाशीमला जाणारी मोटर आमच्या स्टँडवर बंद पडली. त्यातला एक उतारू दुकानात आला. पस्तिशीचा, नीटनेटका. उजव्या हातानं त्यानं कोट काढून टेबलावर ठेवला. डावा हात खांद्यापासून नव्हता.

"ही बाही कापून शिवून टाकता का? वाऱ्यानं सारखी उडते."

चाचांनी कात्री घेतली. हरिभाऊला राहवलं नाही. "जिनात गेला का हात? आमच्या इथं बी एकाचा गेला."

"नाही. विमानात."

मग त्यानं विमानतळाचं नाव सांगितलं. तेच, पेपरातलं. कात्री चाचांच्या हातातच राहिली. हरिभाऊ बाकावरून उठला आणि बसायला जागा करून दिली. सारा हिवाळा ज्याची उत्तरं आम्ही ओरडून ओरडून दिली, ते विचारायचीही आता हिंमत होत नव्हती.

शेवटी मास्तरांनी अगदी हळू विचारलं, "कशानं पडलं हो ते?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो." त्यानं कोट जवळ ओढला. "बायकोनं हलवून उठवलं. म्हणाली, उठा, आलो आपण."

टेबलावरच्या रिकाम्या बाहीवरून त्यानं बोटं फिरवली.

"हाच हात धरला होता तिनं."