सुतक फक्त आमचं होतं

माझी नात चौथीत आहे. शाळेत सामान्य ज्ञानाची परीक्षा होती, म्हणून ती शेजारी बसून मोठ्याने पाठ करत होती. कोणत्या धर्माचा ग्रंथ कोणता, सण कोणते, प्रार्थना कुठे करतात. मी मध्येच विचारलं, "ख्रिस्ती लोकांत सुतक असता काय नाय, ता लिवला हा?"

तिने पानं उलटली. "नाय गो आजये. परीक्षेक ता येणा नाय."

मीही चौथीपर्यंतच शिकले. तेव्हाही पुस्तकात ते नव्हतं.

मालवणच्या मासळी बाजारात माझ्या डाव्या हाताला एक ख्रिस्ती बाई बसायची. तीस वर्षं तरी बसली. गिऱ्हाईक पळवण्यावरून आम्ही भांडायचो आणि दुपारी एकमेकींच्या डब्यातलं जेवायचो. नाताळात ती नेवऱ्या आणायची, चतुर्थीला मी मोदक द्यायचे. तिचा धर्म मला एवढाच माहीत, खाण्यापुरता. बाकी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर तिचं अर्धं अंग गेलं. आता उपाय नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवली. तिच्या मुलीचा फोन आला.

"मावशी, आई तुझी वाट बघता. बोलूक जमणा नाय, पण तुझा नाव घेतला की दाराकडे बघता."

"येतंय सवडीन," मी म्हटलं.

सवड मला भरपूर होती. दोनच दिवसांपूर्वी वेंगुर्ल्याला माझा चुलत दीर वारला होता. माणूस वाईट. वीस वर्षं आमच्याशी बोलला नव्हता. पण भावकीतला, म्हणून आम्हाला बारा दिवस सुतक. सुतकात मी बाजारात बसत नाही, देवाला हात लावत नाही, कोणाच्या घरी जात नाही. तिच्या तर खाटेच्या उशाशीच क्रूस होता. देव त्यांचा असला तरी देवच. मी माझा विटाळ तिथे न्यायचा आणि तिचं काही वाईट झालं तर? फोनवर खरं कारण सांगितलं नाही. आजारी माणसाच्या घरी मेल्याची बातमी आम्ही सांगत नाही.

मुलीने आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हवांदे मावशी," आणि फोन ठेवला.

सुतकाच्या दहाव्या दिवशी सकाळी मैत्रीण गेली.

मी चर्चपर्यंत गेले, पण आत नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. मुलीने मला पाहिलं आणि तरातरा आली.

"आता कित्या इलंस?"

"माका सुतक आसा गो. अजून दोन दिवस. म्हणान इलंय नाय."

चिडावं की रडावं ते तिला कळेना.

"आमच्यात सुतक नसता, मावशी. एकदा विचारूचा तरी होता."

तिने दंडाला धरून मला आत नेलं. पेटी उघडी होती. तोंडाला पावडर लावली होती. जिवंत असती तर तिने पदराने पुसून टाकली असती. मी तिच्या हाताला हात लावला. बर्फातली मासळी उचलण्यात माझा जन्म गेला. थंड कशाला म्हणतात ते मला नवं नव्हतं. तरी हात मागे आला.

नातीचं पाठांतर ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात बर्फवाल्याला गाठलं. तो मुसलमान, माझ्याच वयाचा.

"तुमच्यात माणूस मेल्यार आमी कधी येवचा? सुतक असलेला चलता?"

"सकाळीच कोणाक मारतंस गो म्हातारे?"

"तुका. सांग."

तो हसला, मग नीट सांगितलं. सुतकबितक काही नाही. माती शक्यतो त्याच दिवशी देतात, तेव्हा कळलं की लगेच यायचं. घरात बायका बसतात, त्यांच्यात बसायचं.

"आणि तू आधी गेलंस तर?" त्याने विचारलं.

"आमचा बारा दिवस चलता. तू ये सवडीन."

मैत्रिणीच्या मुलीला दिलेला तोच शब्द तोंडातून गेला आणि मी घाईने म्हटलं, "नाय, कळला की लगेच ये." तो बर्फ फोडत राहिला.