पाण्याच्या दिवशीही फिरायला जाणारा माणूस

हडको वसाहतीतल्या आमच्या गल्लीत कुणाला काहीही झालं तरी सांडूमामा दाभाडे एकच औषध सांगत. चाला. गुडघा दुखतो? चाला. शुगर वाढली? चाला. सुनेशी पटत नाही? चाला, आणि जरा लांबवर चाला.

मामांना हे सांगायचा अधिकार होता. एकतीस वर्षं ते वीज मंडळात मीटर रीडर होते. शहरातली अर्धी कुत्री त्यांना चेहऱ्यानं ओळखत आणि उरलेली अर्धी पोटरीच्या चवीनं. रिटायर झाल्यावर मीटर सुटले, चाल सुटली नाही. पहाटे साडेपाचला पांढरे बूट, डोक्याला कानटोपी (ती मे महिन्यातही), हिमायतबागेवरून थेट विद्यापीठाच्या गेटपर्यंत. गेटला हात जोडून जयभीम करायचं आणि वळायचं. जाऊन येऊन आठ किलोमीटर. अडुसष्टाव्या वर्षी पोट नाही, धाप नाही, एक गोळी नाही. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मामांच्या लेखी हात म्हणजे चालताना मध्ये येऊ नयेत म्हणून मागं ठेवायची वस्तू.

बायकोला, म्हणजे भामामामींना, चालायला लावायचे त्यांनी फार प्रयत्न केले.

"भामे, तू एक पाऊल चालत नाय. बघ, तुला कायतरी होईल."

"तुम्ही या फिरून," मामी म्हणायच्या. "मला घरातच लई फिरायचंय."

मामींचं फिरणं उभं होतं. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. दाभाड्यांचं घर वरच्या मजल्यावर, नळ खाली. सोळा पायऱ्या. पाण्याच्या दिवशी मामी पदर खोचून दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेत आणि वरचे तीन ड्रम भरेपर्यंत थांबत नसत. मामा त्या वेळी विद्यापीठाच्या गेटवर असायचे. पाणी पहाटे यायचं ही काही त्यांची चूक नव्हती. पण फिरायची वेळ त्यांनी एकदाही बदलली नाही, हेही खरं.

गेल्या सप्टेंबरातल्या एका पाण्याच्या दिवशी गल्लीतून पाण्याचा लोट वाहत आला. आमच्या गल्लीत पाणी वाया जाणं म्हणजे भरल्या बाजारात नोटा उधळणं. बायका ओरडतच बाहेर आल्या. पाहतात तर नळातून पाणी वाहतंय, आणि मामी पहिल्या पायरीवर बसलेल्या. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबलेला, डाव्या हातात बादलीची कडी घट्ट धरलेली. अंगावरून वारं गेलं होतं.

आम्ही रिक्षा आणली तेवढ्यात मामा कोपऱ्यावरून वळले. लांबूनच आनंदानं ओरडले, "आज एक्क्याऐंशी मिनिटांत!"

दवाखान्यात तीन आठवडे गेले. मामी जगल्या, पण उजवं अंग परत आलं नाही. मुलगा प्रणय पुण्याहून आला, महिनाभर इथूनच कॉम्प्युटरवर काम करायची सोय केली, आणि एके दिवशी स्पष्ट बोलला. "बाबा, आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासाला, परत पलंगावर. दिवसातून आठ वेळा उचलावं लागतं. महिनाभर मी आहे. तोवर तुम्हाला एकट्याला जमलं तर आई इथं राहील. नाही तर पुण्याला नेतो. पण माझ्या घरात आणखी एकाच पलंगाची जागा आहे."

मामींना पुणं नको होतं. "तिथं खिडकीतून माणूस दिसत नाय. नुस्त्या दुसऱ्या खिडक्या," त्या अडखळत म्हणाल्या. पन्नास वर्षांच्या संसारात मामींनी नवऱ्याकडं काही मागितलं असेल तर ते हे एवढंच.

व्यायाम शिकवायला संध्या नावाची फिजिओथेरपिस्ट येत असे. तिनं मामींइतकेच मामांनाही व्यायाम लावले. हात न टेकता खुर्चीवरून वीस वेळा उठायचं. पाच-पाच लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरून खांद्यापर्यंत उचलायचे.

मामांना तो अपमान वाटला. "पोरी, मी रोज आठ किलोमीटर चालतो."

"काका, म्हणून तर तुमचं हृदय झकास आहे. धापसुद्धा लागत नाही. पण माणूस उचलायला ताकद लागते हातात, पाठीत, मांड्यांत. ती नुसतं चालून येत नाही."

"तुझ्या वयापेक्षा जुने मीटर वाचलेत मी," मामा म्हणाले.

तीन दिवस त्यांनी कॅन उचलले. चौथ्या दिवशी दंड ठणकायला लागले, आणि मामांना आयुष्यभराचा उपाय आठवला. त्यांनी चालणं वाढवलं. आठाचे बारा किलोमीटर केले. गेटवरून न वळता मागच्या डोंगरातल्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागले. ताकद सगळी पायातून वर चढते, असं त्यांनी मला नाक्यावर पटवूनसुद्धा दिलं. बायकोसाठी इतकं चालणारा नवरा अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. कॅन दाराशी तसेच उभे, भरलेले.

मामी पलंगावरून त्या कॅनकडं बघत पडायच्या. पण संध्यानं विचारलं की म्हणायच्या, "करतेत. रोज करतेत." नवऱ्याला परक्या पोरीसमोर उघडं पाडणं त्यांना जमलं नाही.

महिना संपला त्या रविवारी परीक्षा झाली. संध्यानं मामींच्या कमरेला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला. तिनं शिकवल्याप्रमाणं मामांनी गुडघ्याला गुडघा लावला, पट्टा धरला.

"एक, दोन, तीन!"

मामी वीतभर उठल्या. मामांचा चेहरा जांभळा झाला, पाठ वाकली, आणि ते मटकन खाली बसले. संध्यानं मामींना धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत. प्रणय खिडकीबाहेर बघत राहिला.

मामींचं वाकडं तोंड थोडं हसलं. "का हो, दोन बादल्यांपरीस जड हाये व्हय मी?"

फरशीवर बसलेल्या मामांनी आपले दोन्ही तळहात उलटून पाहिले. मग म्हणाले, "मला बादलीचं वजन ठाऊक नाय, भामे."

बुधवारी गाडी आली. प्रणयनं आईला दोन्ही हातांवर घेऊन सोळा पायऱ्या उतरवल्या. मागं मामा, हातात मामींच्या चपला, ज्यांचा आता काही उपयोग नव्हता. गाडी सुटली तेव्हा आम्हाला वाटलं, हे आता मागं चालत पुण्यापर्यंत जाणार. पण मामा एक पाऊलही चालले नाहीत. तिथंच उभे राहिले.

त्यानंतर पांढरे बूट कुणी पाहिले नाहीत. पहाटे मामांच्या घरातून खुर्ची कुरकुरते, वीस वेळा. मग कॅनमधलं पाणी डचमळतं. पाण्याच्या दिवशी ते अर्धी बादली घेऊन जिना चढतात. आम्ही मदतीला गेलो की हाकलून लावतात. पहिल्यांदा चौथ्या पायरीला बसले. मग सातव्या. रात्रीच्या फोनवर मामी विचारायच्या, "कितवी झाली?"

"सातवी."

"नऊ राहिल्या," मामी म्हणायच्या.

दोघंही आठ दिवस या दोन वाक्यांवर काढत.

परवाच्या पाण्याला मामा न थांबता अकराव्या पायरीवर पोचले. रात्रीच्या फोनापर्यंत धीर निघेना, तिथंच बसून पहाटेच फोन लावला. प्रणयनं घेतला. आई झोपलीये म्हणाला, हल्ली बहुतेक वेळ झोपलेलीच असते, बोलणंही कमी झालंय.

"बरं, झोपू दे," मामा म्हणाले. "उठली की सांग, पाच राहिल्या."

फोन खिशात ठेवला, बादली उचलली आणि बारावी पायरी चढले.