दहाच्या आतला आकडा

बाबांना यकृताचा कॅन्सर होता, हे कावीळ झाल्यावरच कळलं. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नंतर आम्हा दोघा भावांच्या तपासण्या झाल्या. मी सुटलो, धाकट्याच्या रक्तात मात्र कावीळ ‘बी’ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी करायची. त्या तपासणीतला, कॅन्सरची चाहूल देणारा आकडा दहाच्या आत हवा.

आमच्या मोहाडीकडे रक्ताचा रिपोर्ट वाचायची एक पद्धत आहे. मर्यादेबाहेर गेलेला, म्हणून ठळक छापलेला आकडा शोधायचा. नसला तर घडी घालून खिशात. गेल्या पावसाळ्यात धाकट्यानं तेच केलं. सोनोग्राफीतही काही नव्हतं. मी तो कागद मागून घेतला आणि आधीचे दोन काढून शेजारी ठेवले. अडीच, चार, साडेसात. तिन्ही दहाच्या आत, पण तिन्ही चढते.

धाकटा धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, चिखल करत होता. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होता. मी बांधावरूनच ओरडलो, “उद्या नागपूरले जायचं आहे.”

“काहून? ठळक कुठं आहे काही?”

“वाढून राहिला आकडा.”

“दादा, तू लाईटबिल पाहावं तसं माझं रक्त पाहून राहिला. रोवणा होऊ दे, मग पाहू.”

“बाबाही असंच म्हणत होते.”

सकाळी माझ्याआधी तोच स्टँडवर उभा होता.

डॉक्टरांनी तिन्ही आकडे पाहिले आणि सीटी स्कॅन करवला. सोनोग्राफीला न दिसलेली, वाटाण्याएवढी गाठ तिथे दिसली. अजून काही दिवसांनी तुकडा तपासून पक्कं झालं: कॅन्सरच. “पण एकच आहे, लहान आहे, पूर्ण काढता येईल,” डॉक्टर म्हणाले. ‘काढता येईल’ हे बाबांच्या वेळी कुणीच म्हटलं नव्हतं. मला खुर्चीत बसवेना.

बाहेर आल्यावर धाकट्यानं विचारलं, “म्हणजे बाबासारखं नाही?”

“नाही.”

त्यानं लगेच घरी फोन लावला आणि भर रस्त्यात ओरडला, “अवं, कॅन्सर सापडला!”

पलीकडून त्याच्या बायकोचं रडणं मलाही ऐकू आलं. मग ती चिडून म्हणाली, “हासून काहून राहिले तुम्ही? येडे झाले का?”

“अवं, लवकर सापडला! काढून टाकतात म्हणे!”

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. तपासण्या चालूच आहेत, आणि रिपोर्ट आला की आता तोच मला आधी आकडा सांगतो, ठळक असो वा नसो.