भोये मामांचा खिळा

बॉयलर हाऊसमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, राख आणि किस्से. राख न्यायला आठवड्याला ट्रॅक्टर तरी यायचा. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच पडून राहिले. आता रिटायर झालोय, जरा जागा करायला हवी, म्हणून तुमच्यासमोर ओततोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरला आमचा कागदाचा कारखाना होता. बॉयलरवर आम्ही तिघं. मी जाधव, डिप्लोमावाला. दुसरा वाघ, पिंपळगाव बसवंतचा, आयटीआय केलेला. आणि तिसरे भोये मामा, पेठकडचे, सातवी पास. मामा तरुणपणी कोळशाच्या ढिगावर फावडं मारायला आले, हळूहळू भट्टीपर्यंत पोचले आणि पुढं एकोणीस वर्षं तिच्यासमोरून हलले नाहीत.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांनी फतवा काढला, "ज्याच्याकडे बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट नाही, त्यानं बॉयलरला हात लावायचा नाही! परीक्षेला तीन वेळा बसू देतो. नाहीतर कोळशाच्या यार्डात!"

मला आणि वाघाला काही वाटलं नाही. आमची वयंच परीक्षा द्यायची होती. मामांचं तसं नव्हतं. संध्याकाळी डबा बांधताना एवढंच म्हणाले, "ज्या ढिगावरून वर आलो, त्याच ढिगावर पुन्हा जायचं? पोरांना काय सांगू?"

*

नियम असा, की पास झालेल्या माणसाचं सर्टिफिकेट फ्रेम करून बॉयलर हाऊसच्या भिंतीवर लावायचं. मामांनी ज्या दिवशी फॉर्म भरला, त्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकला!

"अहो मामा, आधी परीक्षा तर द्या!"

"भिंत लय कडक हाय," मामा म्हणाले. "घाईघाईत ठोकला का वाकतो."

*

अभ्यास म्हणजे वाघाचं पाठांतर. भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून तो गाईड वाचायचा आणि आम्ही ऐकायचो. एकदा त्यानं वाचलं, "चिमणीतून काळा धूर येत असल्यास भट्टीस हवा कमी पडत आहे असे समजावे."

मामांनी फावडं खाली ठेवलं. "हे कोणी लिवलंय?"

"कुणी प्रोफेसर आहेत."

"त्यांना एक दिवस इकडं पाठवा. हवा बरोबर हाय. कोळसा भिजलाय. ताडपत्री कोणी टाकली नाय."

गंमत म्हणजे पेपरातही हाच प्रश्न आला आणि मामांनी हेच उत्तर लिहिलं. वर ताडपत्री किती बाय किती लागेल, तेही दिलं!

*

लेखी कसाबसा निघाला. मग तोंडी परीक्षा. ती घ्यायला इन्स्पेक्टर साहेब. हेच साहेब वर्षातून एकदा आमचा बॉयलर तपासायला यायचे, त्यामुळे तोंडओळख होती.

आता थोडं समजून घ्या. बॉयलरच्या तोंडाशी एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे, ते तिच्यात दिसतं. पाणी दिसेनासं झालं तर चुकूनही नवं पाणी सोडायचं नाही. आतला पत्रा लाल झालेला असतो, त्यावर गार पाणी पडलं की सगळं वर! आधी विस्तव काढायचा. हा प्रश्न दर परीक्षेत ठरलेला. शेंबड्या पोरालाही पाठ.

साहेबांनी विचारलं, "काचेत पाणी दिसत नाही. पहिलं काय कराल?"

"दिसतं की," मामा म्हणाले.

"समजा, नाही दिसत."

"असं कसं नाय दिसणार साहेब? मी हाय ना तिथं!"

साहेबांनी तीन वेळा विचारलं. मामांनी तीन वेळा हेच सांगितलं. नापास.

*

वाघही त्या वेळी आपटला, पण त्याची तऱ्हा वेगळी. फॉर्मसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा द्यावा लागायचा. निकाल त्यातूनच यायचा. वाघाचं लग्न ठरलेलं. "पास झालात की तारीख काढू," असं सासरे म्हणालेले. गड्याला इतका कॉन्फिडन्स, की लिफाफ्यावर त्यानं सासऱ्यांचाच पत्ता लिहिला!

एक दिवस सासरे गेटवर हजर. स्कूटरला द्राक्षांची पेटी बांधलेली.

"जावईबापू, पाकीट आलं बरं का. आम्ही काही उघडलं नाही."

"मग?" वाघाचा चेहरा पांढरा.

"पोस्टमननं वाचून दाखवलं! घ्या, द्राक्षं घ्या. पेढे तेवढे आणले नाहीत."

पुढच्या खेपेला वाघानं कारखान्याचा पत्ता लिहिला आणि पास झाला.

*

मी पहिल्याच फटक्यात पास झालो होतो, हे सांगायचं राहिलं. आईनं गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत घरोघरी पेढे वाटले. "आमचा बॉयलरच्या परीक्षेत पहिला आला हो!"

संध्याकाळी शेजारच्या काकू दारात. हातात तांब्याचा बंब.

"बाळा, बुडाशी गळतोय. बघ ना जरा!"

*

दुसऱ्या तोंडीच्या आधी आम्ही मामांना रोज घोकवलं. "मामा, पाणी नाही म्हटलं की नाही! वाद घालायचा नाही. मान्य करायचं."

"मान्य," मामा म्हणाले.

साहेबांनी तोच प्रश्न टाकला. मामांनी मान्य केलं, पाणी नाही. साहेब खूश. "शाब्बास. मग पहिलं काय कराल?"

मामा खुर्चीत पुढं सरकले. "पहिलं सांगा, माझ्या आधीच्या शिफ्टला कोण होतं?"

पुन्हा नापास. भिंतीवरचा खिळा तसाच. त्यावर मी माझी डब्याची पिशवी टांगायला लागलो. मामा रोज बघायचे.

*

आता उरली तिसरी आणि शेवटची खेप. त्याच्या महिनाभर आधी साहेब बॉयलर तपासायला आले. मॅनेजरांची ऑर्डर होती, "सर्टिफिकेट नसलेला माणूस साहेबांना दिसता कामा नये." म्हणून मामा यार्डात, कोळशाच्या ढिगावर. आत मी, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्या फ्रेमखाली उभा. वाघ सुट्टीवर.

साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट. मॅनेजरांनी कॉफी मागवली, काजू आले, गप्पा रंगल्या. मीही रंगलो.

तेवढ्यात यार्डाकडून मामा धावत आत आले. "पंप गप का झाला?"

पाण्याचा पंप बंद पडला होता. एवढ्या गोंगाटात तो आवाज थांबल्याचं मामांना यार्डात कळलं. मी पंपापासून पाच पावलांवर होतो, मला नाही कळलं. मी काचेकडे पाहिलं. पाणी नाही!

मी काय केलं असेल? सरळ पंपाच्या बटणाकडे हात नेला. त्या प्रश्नाला मला दहापैकी दहा होते हो! मामांनी माझ्या हातावर असा फटका मारला की बोटं सुजली. दुसऱ्या हातानं त्यांनी साहेबांचा दंड धरला आणि त्यांना दाराबाहेर काढलं. मॅनेजर तोवर आपणहूनच गेले होते. मग मामांनी भट्टीची हवा तोडली आणि सगळा विस्तव बाहेर ओढला. एकट्यानं.

बॉयलर वाचला. आम्हीही. मला लाज वाटली, खरं सांगतो, अजून वाटते. साहेब तसेच जीपमध्ये बसले. त्यांच्या बाहीवर कोळशाची पाच बोटं उमटली होती.

महिन्यानं तोंडी झाली. तेच साहेब. मामा परत आले तेव्हा मी आणि वाघ वाटच बघत होतो.

"काय विचारलं, मामा?"

"तेच. काचेत पाणी नाय. पहिलं काय कराल?"

"विस्तव काढीन म्हणालात ना?"

"नाय. म्हटलं, पहिलं साहेबांना दंडाला धरून भायेर काढीन."

वाघानं कपाळावर हात मारला. "झालं! आता कायमचं यार्ड!"

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय. आपल्या बाहीकडं बघत बसले."

तीन आठवड्यांनी लिफाफा आला. मामांनी हात धुतले, तो उघडला, सावकाश वाचला आणि खिशात ठेवला. मग भिंतीपाशी गेले, खिळ्यावरची माझी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली.

"घ्या जाधवभाऊ. आता दुसरीकडं टांगा."