निम्म्यावर आलेला फोर्स

परवा मंगळवारी माझी पीएचडी साधारण अर्धा तास पूर्ण झाली होती...

मी सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा पीएचडीचा विषय असा, की लेथवर धातू कापताना टूलला सेकंदाला वीस हजार वेळा थरथरवायचं, म्हणजे कापायला जोर कमी लागतो. चार महिने नुसता सेटअप जुळवण्यात गेले होते.

सकाळी थरथरीशिवाय कापायच्या जोराचं, फोर्सचं रीडिंग घेतलं. जेवून आल्यावर थरथरीसकट घेतलं, तर फोर्स थेट निम्म्यावर... मी गाईड सरांना फोन केला. सर आले ते प्राचार्यांना घेऊनच.

प्राचार्यांनी लेथपाशी कान नेला. "काही ऐकू येत नाही," म्हणाले. "सर, ती थरथर माणसाला ऐकू येतच नाही," मी जरा ऐटीतच सांगितलं.

आमचे लेथ ऑपरेटर साळवे मामा शेजारीच उभे होते. कुंभारीहून येतात, बावीस वर्षं याच वर्कशॉपमध्ये. ते हळूच म्हणाले, "म्याडम, जनरेटरचा दिवा लागलाच न्हाय की."

टूलला थरथरवणारा तो जनरेटर मी जेवून आल्यावर चालूच केला नव्हता. दुपारपासून टूल जरासुद्धा थरथरलं नव्हतं...

"मग फोर्स कमी कसा झाला?" प्राचार्य. मामांनी फडक्याला हात पुसले. "तुमी जेवायला गेल्यावर मी टूलचं टोक बदललं. जुनं लई बोथट झालं हुतं."

म्हणजे धारदार टूल बोथट टूलपेक्षा बरं कापतं, एवढाच माझा शोध. प्राचार्य "छान, चालू द्या" म्हणून निघून गेले.

"माज्यामुळं घोटाळा झाला का?" मामांनी विचारलं. चेहरा पार उतरला होता. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट समजावलं, की मला मोजायचंय काय... चार महिने मी फक्त 'लावा' आणि 'काढा' एवढंच सांगत आले होते.

"आसं हाय व्हय," मामा म्हणाले. "मग दोन्ही बारीला नवंच टोक लावू की."

पुढचे दोन दिवस तेच केलं. फोर्स निम्म्यावर नाही आला, पण दर वेळी कमी आला... आणि या वेळी तो खरंच थरथरीनं कमी झाला होता.

रिसर्च पेपरमध्ये मामांचं नाव घेऊन आभार मानायचं ठरलंय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "घाला. पण आदी मला स्पेलिंग दाखवा."