पाण्याचं गाणं

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं होतो. गाणारी मुलगी, दोन गिटारवाले आणि ड्रमवर मी. घरी मराठी बोलणारा मी एकटाच, बाकी तिघं कन्नड. पण हे त्या वेळी कुणाच्या, माझ्यासुद्धा, लक्षात येत नसे. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, दाजीबानपेठेत, माझ्या वडिलांचं, अप्पांचं, कापडाचं दुकान होतं. रविवारी बाजार बंद असला की दुकानाच्या माडीवर आमची प्रॅक्टिस चाले.

नदीच्या पाण्यासाठी आंदोलन पेटलं, त्या वर्षी मी एक गाणं लिहिलं. कन्नडमध्येच लिहिलं, कारण ते तसंच सुचलं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून कामावर न जाता घरी बसून राहणाऱ्या बाईचं गाणं. आंदोलनाच्या मैदानावर आम्ही ते वाजवलं. दुसऱ्या कडव्यापासून लोकच गायला लागले. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका हात वर करून टाळ्या वाजवत होत्या. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढच्या वर्षी सीमेचा वाद उसळला. तिकडे बेळगावात बसना काळं फासलं गेलं, इकडे दुकानांच्या पाट्यांकडे लोक निरखून बघू लागले. नोव्हेंबरात कन्नड संघटनांच्या एका मोठ्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणं होतं. दोन दिवस आधी थोरला गिटारवाला घरी आला. आईनं चहा दिला, तो कपाकडेच बघत बसला.

"संयोजकांना तुझं आडनाव कळलंय," तो म्हणाला. "म्हणतात, ड्रमर बदला, नाहीतर येऊ नका. एवढ्या वेळेपुरतं रे."

"आणि गाणं?"

"गाणं पाहिजे म्हणतात."

मी "बरं" म्हणालो. भांडायला हवं होतं. पण तो इतका ओशाळला होता, की मीच त्याची समजूत काढली. तो गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझ्या जन्माआधीपासून आपण इथं आहोत की रे."

कार्यक्रमाला मी गेलो. गर्दीत मागे उभा राहिलो. माझ्या जागी बसलेला मुलगा चांगला वाजवत होता, माझ्यापेक्षा सफाईनं. पाण्याचं गाणं सुरू झालं तसं शेजारच्या अनोळखी माणसानं माझ्या खांद्यावर हात टाकला. डोळे भरले होते त्याचे.

"काय लिहिलंय बघा!" तो कन्नडमध्ये म्हणाला. "असं लिहायला नम्म हुडुगाच पाहिजे. आपलाच पोरगा. बाहेरच्याला कुठलं जमायला!"

"हौदु," मी म्हणालो. खरंय.

गाणं संपेपर्यंत त्याचा हात खांद्यावर होता. मला तो झटकावासा वाटला आणि राहू द्यावासाही वाटला. शेवटी मी काहीच केलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी कुणी आलं नाही. मीही फोन केला नाही. त्यांनी मला काढलं असं म्हणता येणार नाही. नवा मुलगा रुळला, एवढंच. काही महिन्यांनी गाणारी मात्र एकटीच दुकानात आली. बंगळूरला नोकरी लागल्याचं सांगायला.

निघताना म्हणाली, "त्या दिवशी मी तरी बोलायला पाहिजे होतं."

"मी तरी कुठं बोललो?" मी म्हणालो.

चपला घालून ती पायरी उतरली. मग रिक्षा आली.