मोज्याचा रंग

कृत्रिम हात बसवायच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी रोज साचतात, प्लास्टरची धूळ आणि किस्से. धूळ आमचे टेक्निशियन सलीमभाई संध्याकाळी झाडून काढतात. किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात. बायको दारातच विचारते, "आज कुणाचा हात आणलात?"

*

चितेगावच्या शोभाचा डावा हात कंपनीत प्रेस मशिनखाली गेला होता. लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांना सगळं ठाऊक होतं, तरी पोरीच्या जिवाला घोर. "सर, मांडवात कुणाचं लक्ष हाताकडं जाऊ नाय. एवढंच करा."

कृत्रिम हातावर कातडीच्या रंगाचा रबरी मोजा चढतो. सलीमभाईंनी रंगाचे नमुने तिच्या उजव्या हाताशेजारी दारातल्या उजेडात धरले. तिनं हळूच एक शेड गोरी निवडली.

सलीमभाई म्हणाले, "बेटा, फिर दूसरा हात भी गोरा करना पड़ेंगा. वो काम अपने यहाँ नै होता."

शोभा पहिल्यांदा हसली आणि स्वतःच्या सावळ्या रंगावर आली.

*

खुलताबादकडचे कडुबाळ मेंढ्या राखतात. कडबा तोडताना कुट्टी मशिननं उजवा हात नेला. त्यांना शोभेचा हात नकोच होता, लोखंडी हूक हवा होता. महिन्याभरानं परत आले तेव्हा मी विचारलं, "मेंढी धरता येते ना?"

"मेंढ्यांचं लई बेस चाललंय. पर घरी इज्जत गेली."

"का हो?"

"चुलीवरचं तापलेलं पातेलं उतरवायला बायको मलाच हाक मारती. सांडशी कवाची हरवली, हुडकतबी नाय."

*

शेंद्र्याच्या एका गुरुजींचा डावा हात आमच्याकडचा. मतदानाला गेले, तर गर्दीत शाई लावणाऱ्यानं न बघता त्या हाताच्या बोटाला शाई लावली. कातडीवरची शाई उतरते, मोज्यावरची नाही. पुढची निवडणूक आली. टेबलावरचा माणूस बोट बघून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मतदान करून आलाय."

गुरुजींनी मनगटापासून हात फिरवून काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. "यानं केलं असंल. मी अजून केलेलं नाही!"

तेव्हापासून मोजा देताना आम्ही प्रत्येकाला बजावतो. शाई, मेंदी, हळद, काही लागू देऊ नका. डाग पडला की पडला.

*

शोभाला तर मी दोनदा बजावलं होतं. म्हणून हळदीच्या दिवशी तिच्या आईनं तो हात धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. मुलाकडच्या बाया नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या. होणारी सासू पुढं बसली आणि तिनं फडकं पाहिलं. आईनं चाचरत सांगितलं, डाग पडतो, जात नाही.

"नवरीचा एक हात हळदीचा आन् दुसरा कोरा? असं कुठं असतंय व्हय?" असं म्हणत तिनं फडकं सोडलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत हळद चोळली. लग्नात अख्खा मांडव त्या हाताकडेच बघत होता.

काही महिन्यांनी सासू-सुना दोघी वर्कशॉपला आल्या. अंगाची हळद कधीच उतरली होती, हात मात्र पिवळाधम्मक. सासूचा चेहरा उतरलेला. "माझ्या हातनं झालं हे. मला काय ठाव, इतकं ऱ्हातंय म्हणून. नवा मोजा चढवा."

मला दोघींसाठी वाईट वाटलं. सलीमभाईंनी तिच्या सावळ्या रंगाचा मोजा काढून आणला.

शोभानं हात पदराखाली घेतला. "नको, आत्याबाई. फाटंल तवा बदलू."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू द्या की. विचारलं की सांगते, सासूनं लावलेली हाय."